पुळणीवरून स्नूक: नैऋत्य फ्लोरिडात फ्लाय फिशिंग सुरू करणाऱ्यांसाठी

फ्लाय रॉडवर, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या खोट्या आमिषाने, स्नूक मासा पकडायचा तर बोट हवी, गाइड हवा, भारी सामान हवं, असं नव्या माणसाला हमखास सांगितलं जातं. मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत नैऋत्य फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर यातलं फारसं काही लागत नाही. एक रॉड, पाण्यावरची चकाकी कापणारा एक पोलराइज्ड गॉगल आणि वाळूतून दोन-तीन मैल चालायची तयारी एवढ्यावर भागतं. एरवी खाड्यांत आणि तिवरांच्या मुळांत दडून बसणारे स्नूक या दिवसांत समुद्राच्या तोंडाशी अंडी घालायला येतात आणि मधल्या वेळात पुळणीला अगदी खेटून, कधी घोटाभर पाण्यातही, येरझारा घालतात. सॅनिबेल, कॅप्टिव्हा, व्हेनिस, नेपल्स इथल्या सार्वजनिक किनाऱ्यांवर हे सकाळी उघड्या डोळ्यांनी दिसतं.

म्हणून सुरुवात इथून करा. नवे लोक महिनोन्महिने लांब फेकीच्या मागे लागतात. या किनाऱ्यावर मासा बहुतेक वेळा तीस-चाळीस फुटांच्या आतच असतो. आधी त्याला बघायला शिकायचं, फेक त्यानंतर.

मासा ओळखा

स्नूकची पक्की खूण म्हणजे कल्ल्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली काळी रेघ. उतरतं कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा, पिवळसर पंख, दुभंगलेली शेपटी. पेण-अलिबागकडच्या माणसाला तो बघताक्षणी जिताडा आठवेल, आणि ते बरोबरच आहे. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तो हा जिताडा आणि स्नूक, दोघांना शास्त्रज्ञांनी बराच काळ एकाच कुळात ठेवलं होतं. आता कुळं वेगळी मानतात, पण सवयी जुळतात. दोघेही खाडीचे मासे, दोघांची पिल्लं तिवरांच्या आडोशाला वाढतात, आणि दोघेही आधी नर असतात व मोठे झाल्यावर मादी होतात. जिताड्याची शेपटी गोल असते आणि त्याला ती काळी रेघ नसते, एवढा फरक लगेच दिसतो.

नराची मादी होते ही गोष्ट गळ टाकणाऱ्यालाही कामाची आहे. पुळणीवर एक थोराड मासा पुढे आणि चार-पाच छोटे मागे असं टोळकं दिसलं, तर पुढची बहुधा मादी आणि मागचे नर. पुढच्या पिढीची सगळी अंडी त्या मोठ्या माशांत असतात. उन्हाळ्यात स्नूकशी कसं वागायचं, याचं उत्तर त्यातच आहे.

आधी परवाना

मासा सोडून देणार असलात तरी खाऱ्या पाण्याचा परवाना लागतो. तो फ्लोरिडा फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्वेशन कमिशनकडून ऑनलाइन मिळतो. फ्लोरिडाच्या रहिवाशांना किनाऱ्यावर उभं राहून मासेमारी करण्यासाठीचा परवाना फुकट असतो, पण तो काढावा लागतोच. बाहेरून आलेल्यांसाठी तीन दिवसांचा, सात दिवसांचा आणि वर्षाचा असे प्रकार आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी: पासष्टीपुढच्यांना असलेली सूट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना आहे. पुण्याहून किंवा डोंबिवलीहून आलेले आई-बाबा हातात रॉड घेणार असतील तर त्यांचाही परवाना काढा.

मे ते ऑगस्ट गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, किनाऱ्यावर स्नूक ठेवायला बंदी असते. पकडून लगेच सोडायला परवानगी आहे. हंगाम खुला असतो तेव्हाही दिवसाला माणशी एकच मासा ठेवता येतो, तोही गल्फच्या बाजूला २८ ते ३३ इंच आणि अटलांटिकच्या बाजूला २८ ते ३२ इंच लांबीतलाच. त्यासाठी स्नूकचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. तारखा विभागाप्रमाणे वेगळ्या असतात आणि बदलतात, तेव्हा निघण्याआधी आयोगाची वेबसाइट बघायची. बाजारात स्नूक विकत मिळत नाही, कारण १९५७ पासून फ्लोरिडात त्याची खरेदी-विक्रीच बंद आहे. तो आज टिकून आहे तो बऱ्याच अंशी या कडक नियमांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

सामान

साध्या गळात शिशाचं किंवा आमिषाचं वजन दोरीला ओढत नेतं. फ्लायला वजनच नसतं. पिसं, केस आणि दोऱ्याने बांधलेला तो खोटा मासा असतो, आणि त्याला दूर नेते ती जाड, वजनदार लाइन. त्यामुळे रॉड आणि लाइन एकाच नंबरची असावी लागते. स्नूकसाठी नऊ फुटी, ८ वेटचा, म्हणजे आठ नंबरचा, रॉड घ्या. पुळणीवर ७ वेटही चालतो, पण एकच रॉड घ्यायचा असेल तर आठचाच.

लाइन ‘वेट फॉरवर्ड’, म्हणजे पुढचा भाग जड असलेली, आणि तरंगणारी घ्या, आणि पाकिटावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलंय ना ते बघा. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन फ्लोरिडाच्या उन्हात मऊ आणि चिकट होते, रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. पैसे वाचवायचे तर रॉडवर वाचवा, लाइनवर नको. रीळ खाऱ्या पाण्याचं, चांगल्या ड्रॅगचं, म्हणजे ब्रेकचं, असावं. त्यावर लाइनखाली वीस पाउंडी (म्हणजे वीस पाउंड भार सोसणाऱ्या) डेक्रॉनचं दीड-दोनशे यार्ड बॅकिंग, म्हणजे मासा लांब पळाला तर लागणारा राखीव दोरा, भरून घ्या.

लाइनच्या पुढे लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा पारदर्शक दोरा. तयार मिळतो, पण मी तो घरी बांधायला सांगेन: चाळीस पाउंडी मोनोफिलामेंट पाच फूट, तीस पाउंडी दोन फूट, वीस पाउंडी दोन फूट आणि शेवटी दीड फूट तीस पाउंडी फ्लुरोकार्बन. शेवटचा जाड तुकडा विसरू नका. स्नूकला धारदार दात नसतात, तोंड कानशीसारखं खरखरीत असतं, पण कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. पातळ दोरा तिला लागला की तुटतो, आणि तुमचं बोट लागलं तर बोटही कापतं. तुकडे जोडायला डबल युनी गाठ पुरते. फ्लाय मात्र लूपच्या गाठीने बांधा, म्हणजे ती पाण्यात मोकळी हलते. आवळण्याआधी प्रत्येक गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना दोरा तापतो आणि कमजोर होतो.

फ्लाय तीन प्रकारच्या घ्या. पहिली श्मिनो, सॅनिबेलचे नॉर्म झीग्लर यांची. पांढरी, छोटी, दोन काळे डोळे असलेली. पुळणीवरच्या स्नूकसाठी हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. दुसरी क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी ती गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी बांधली होती. तिचे डोळे धातूचे असतात म्हणून ती डोक्यावर बुडते, लाट असेल त्या दिवशी कामाला येते. तिसरी लेफ्टी क्रे यांची डिसीव्हर, १९९१ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने जिचं तिकीट काढलं ती. पांढऱ्या रंगात, २ ते १/० नंबरच्या गळांवर, प्रत्येकी तीन-चार पुरेत. किनाऱ्यावर स्नूक ज्यावर पोट भरतो ते मासे छोटे आणि चंदेरी असतात, त्यामुळे मोठ्या भडक फ्लायचा इथे उपयोग नाही. प्रत्येक गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पकडीने दाबून सपाट करून टाका.

गॉगलची काच तपकिरी किंवा तांबूस घ्या, आणि टोपीची झापड आतून गडद असू द्या. कमरेला बांधायची टोपली, जिला स्ट्रिपिंग बास्केट म्हणतात, तीही घ्या. ओढलेली लाइन पायाशी पडली की लाट तिला शिंपल्यांत आणि शेवाळात गुंतवते, नेमकी मासा समोर असताना.

फेक: आधी गवतावर

किनाऱ्यावर जाण्याआधी दोन-तीन आठवडे मैदानात सराव करा. फ्लायच्या जागी लोकरीचा गोंडा बांधा. तीस फूट लाइन समोर सरळ पसरा. रॉडचं टोक जमिनीजवळ ठेवून हळू सुरुवात करा, वेग वाढवत मागे न्या आणि खांद्याच्या जरा मागे झटकन थांबवा. मग वाट बघा. मागे लाइन पूर्ण उलगडू द्या, मान वळवून बघितलं तरी चालेल. मग तसंच पुढे आणा आणि पुन्हा झटकन थांबवा. फेक त्या थांबण्यातून होते. जोर लावून काही मिळत नाही. मनगट मागे कलंडू दिलं तर लाइन मागे जमिनीवर पडते.

चाळीस फुटांवर ठेवलेल्या ताटात दहातले सहा-सात गोंडे पडायला लागले की तुम्ही तयार आहात. पुढे डबल हॉल शिका, म्हणजे फेकताना दुसऱ्या हाताने लाइनला दिलेला छोटा झटका. वाऱ्यात तो फार लागतो. वारा फेकणाऱ्या हाताच्या बाजूने येत असेल तर गळ अंगावर येतो. अशा वेळी पाठ पाण्याकडे करा आणि मागची फेकच माशाकडे सोडा.

किनाऱ्यावरची सकाळ

दिवस निवडताना वारा बघा. पूर्वेचा वारा जमिनीवरून येतो, गल्फचं पाणी सपाट आणि स्वच्छ राहतं. पश्चिमेचा वारा दोन दिवस वाहिला की पाणी वाळूने गढूळ होतं, मासा असला तरी दिसत नाही. दुपारी समुद्रावरून वारा सुटतोच, त्यामुळे काम सकाळचं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पुळणीवर सकाळचा सूर्य पाठीशी असतो ही या किनाऱ्याची मोठी देणगी आहे. साधारण नऊपासून ऊन इतकं वर येतं की पाण्याचा तळ दिसायला लागतो. त्याआधी पोचलात तर काठालगत न बघता फेकत राहा, पहाटे मासे चांगले खातात. मात्र पहाटे चिलटंही असतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

भरती-ओहोटीबद्दल कोकणातला हिशेब इथे लावू नका. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, इथे फरक दोन-तीन फुटांचा. रोज दोन भरत्या येतीलच असंही नाही, काही दिवस एकच येते. वेळापत्रक बघायचं आणि चढत्या पाण्याची सकाळ निवडायची. पाणी चढलं की मासा काठाशी येतो.

आता पुळणीकडे नीट बघा. लाट फुटते तिथे आणि काठाच्या मध्ये एक खोलगट पट्टा असतो, किनाऱ्याला समांतर. स्नूकचा रस्ता तोच. जिथे हा पट्टा काठाच्या अगदी जवळ येतो, जिथे पडलेलं झाड किंवा दगडांची भिंत आहे, किंवा जिथे खाडीचं मुख जवळ आहे, तिथे मासे जास्त. सॅनिबेल आणि कॅप्टिव्हाच्या मधल्या ब्लाइंड पास या खाडीमुखाच्या दोन्ही बाजू यासाठी ओळखल्या जातात. सॅनिबेलच्या बोमन्स बीचवर चालायला भरपूर जागा आहे. २८ सप्टेंबर २०२२ च्या इयन वादळाने या भागातली वाळू पार हलवली, म्हणून जुन्या सांगोवांगीपेक्षा आज दिसणाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवा.

पाण्यात उतरू नका. नव्या माणसाचा पाय आपोआप पाण्यात जातो, आणि मासा असतो त्याच्या मागे. काठापासून दहा-पंधरा फूट वर, कोरड्या वाळूवरून, सावकाश चाला. मासा शोधू नका, त्याची सावली शोधा. स्नूकची पाठ वाळूच्या रंगात मिसळून जाते, पण तळावर पडलेली लांबट काळसर सावली लपत नाही. दोन लाटांच्या मध्ये पाणी क्षणभर काचेसारखं होतं, नजर त्या क्षणासाठी तयार ठेवा. बोईंचा थवा घाबरट असतो, उड्या मारतो, एकदम वळतो. स्नूक शांतपणे, एका चालीत जातो. दोन-तीन सकाळींत हा फरक डोळ्यात बसतो.

मासा दिसला की थांबा. लगेच फेकू नका, तो कुठे चाललाय ते आधी बघा.

तो तुमच्याकडे येत असेल तर उत्तम. गुडघ्यावर बसा. त्याच्यापुढे पाच-सहा फुटांवर फ्लाय पडू द्या, तो जवळ येईपर्यंत बुडू द्या, मग बोटांनी लाइन आखूड, पटपट ओढा. फ्लाय तुमच्याकडे, म्हणजे माशापासून दूर, पळते. छोटा मासा मोठ्याला बघून असाच पळतो.

तो तुमच्यापासून दूर जात असेल तर मागून फेकायचा मोह आवरा. लाइन त्याच्या डोक्यावरून जाईल, आणि ओढलेली फ्लाय थेट त्याच्या अंगावर येईल. कुठलाही छोटा मासा स्नूकवर चाल करून जात नाही, त्यामुळे तो भडकून निघून जातो. त्याऐवजी वाळूवर बरंच वर चढा, वळसा घालून त्याच्या पुढे जा आणि तिथे वाट बघा. वाळूत धावावं लागतं, पण या एका गोष्टीने जेवढे मासे मिळतात तेवढे महागड्या रॉडने मिळत नाहीत.

मागे लागलेला मासा फ्लायजवळ येऊन रेंगाळला तर थांबू नका. वेग वाढवा. घाबरलेलं भक्ष्य थांबत नाही.

लागल्यावर

मासा तोंड उघडताना दिसला की हाताला सगळ्यात आधी सुचतं रॉड वर उचलणं. तसं करू नका, त्याने फ्लाय तोंडातून निघून येते. रॉडचं टोक खाली, फ्लायच्या दिशेने ठेवा आणि लाइन धरलेल्या हाताने एक लांब, घट्ट ओढ द्या. वजन लागलं की मग रॉड उचला.

मासा पळाला की नजर टोपलीतल्या लाइनवर ठेवा. ती बोटांच्या कड्यातून मोकळी जाऊ द्या, गुंता झाला तर दोरा तिथेच तुटेल. सैल लाइन संपून रीळ बोलायला लागलं की ड्रॅगवर सोडा. स्नूक उडी मारतो, डोकं झटकतो. तो हवेत असताना रॉड त्याच्याकडे झुकवा, म्हणजे दोरा क्षणभर सैल होतो आणि कल्ल्याच्या कडेवर ताणला जात नाही. नंतर रॉड आडवा धरून तो जाईल त्याच्या उलट बाजूला ओढा. पुळणीवर मुळं नाहीत, धक्क्याचे खांब नाहीत. घाबरायचं कारण नाही, पण खेळवत बसायचंही नाही. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो किंवा शार्कच्या तोंडी जातो.

सोडताना

हात ओले करा, सनस्क्रीन लागलेलं असेल तर आधी वाळूने घासून धुवा. मासा कोरड्या वाळूवर ओढू नका. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं रोगापासूनचं संरक्षण आहे, आणि वाळू तो खरवडते. घोटाभर पाण्यात त्याला धरा, गळ पकडीने काढा. फोटो हवा असेल तर कॅमेरावाला तयार झाल्यावरच उचला, एक हात जबड्याला आणि एक पोटाखाली, आडवा. जबड्याला धरून उभा लटकवू नका, अंड्यांनी भरलेल्या मादीला तर मुळीच नाही. मग तोंड येणाऱ्या पाण्याकडे करून शेपटीपाशी सैल धरा. तो स्वतःच्या जोरावर सुटेपर्यंत थांबा.

जवळ डॉल्फिन किंवा शार्क घिरट्या घालत असेल तर तिथे गळ टाकणं थांबवा.

स्वतःला आणि इतरांना जपा

पाण्यात पाऊल टाकावंच लागलं तर पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या. उन्हाळ्यात काठाशी पाखटं (स्टिंगरे) वाळूत पुरून बसलेली असतात. घासत्या पायाचा धक्का लागला की ती निघून जातात, वरून पाय पडला तर नांगी मारतात. नांगी लागलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टरकडे जा.

दुपारी वीज. रॉड ग्रॅफाइटचा असतो आणि मोकळ्या पुळणीवर सगळ्यांत उंच तुम्हीच असता. पहिला गडगडाट ऐकला की गाडीत बसा.

मे ते ऑक्टोबर समुद्री कासवं याच वाळूत अंडी घालतात. खुणेच्या काठ्या लावलेल्या घरट्यांपासून लांबून जा, अंधारात टॉर्च पेटवू नका. पेलिकन लाइनमध्ये अडकला तर दोरा तोडून त्याला उडू देऊ नका, तो दोरा झाडात अडकून पक्षी तिथेच मरतो. हळू ओढून जवळ घ्या, डोकं टॉवेलने झाका आणि गळ काढा. तुटलेल्या दोऱ्याचा प्रत्येक तुकडा खिशात ठेवा.

निघण्याआधी रेड टाइडचा नकाशाही बघा. २०१८ च्या उन्हाळ्यात या विषारी शैवालाने याच किनाऱ्यावर ढिगाने मासे मारले, त्यांत मोठे स्नूकही होते. शैवाल असताना घसा खवखवतो, खोकला येतो. अशा दिवशी घरी राहा.

सप्टेंबरनंतर

पाणी निवू लागलं की मासे पुळण सोडून आत, खाड्यांत आणि तिवरांत परततात. तिथे ओहोटी बघायची. तिवरांतून निघणाऱ्या ओहळांच्या तोंडाशी स्नूक वाहून येणारी कोळंबी आणि बारीक मासे टिपत उभा असतो, आणि फ्लाय फांद्यांखाली, मुळांना लागून टाकावी लागते. रात्री धक्क्यांवरच्या दिव्यांखालीही तो उभा असतो, उजेडाच्या कडेला, अंधाराच्या बाजूने. या दोन्ही ठिकाणी लीडरचं टोक चाळीस पाउंडी करा, कारण मासा लागताच खांबाकडे किंवा मुळांकडे धावतो.

हिवाळ्यात थंडीची लाट आली की मात्र रॉड ठेवून द्या. पाणी पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की स्नूक सुस्तावतो, आणखी उतरलं की मरतो. जानेवारी २०१० च्या थंडीत फ्लोरिडात इतके स्नूक मेले की गल्फच्या बाजूला ते ठेवण्यावरची बंदी २०१३ च्या सप्टेंबरपर्यंत उठली नाही. उबेसाठी खोल कालव्यांत गोळा झालेले मासे अशा दिवसांत सहज दिसतात आणि सहज लागतातही. पाणी पुन्हा तापेपर्यंत त्यांच्यावर फ्लाय टाकू नका.